नाव एकाचे, धन दुसऱ्याचे

‘बेनामी’ हा शब्द मोठा फसवा आहे. अशा व्यवहारात नाव असतेच. ते पैसे मोजणाऱ्याचे नसते, इतकेच.

आखातात नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने कळवले, “पैसे पाठवतो, वसईतली सदनिका तुझ्याच नावावर घे.” त्यात कपट नव्हते, निखळ विश्वास होता. तरीही मी नकार दिला. ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या वा मुलांच्या नावे घेतलेली मालमत्ता कायदा बेनामी मानत नाही. भावाबहिणींच्या बाबतीत मात्र दस्तऐवजात दोघांचीही नावे सहमालक म्हणून असावी लागतात. १९८८ चा हा कायदा २०१६ साली अधिक कठोर झाला. बेनामी मालमत्ता सरकारजमा होते, १ ते ७ वर्षे सक्तमजुरी होऊ शकते आणि पैसे देणाऱ्याला न्यायालयात हक्कही सांगता येत नाही. आम्ही दोघांच्या नावे दस्त केला.

कंपन्यांनाही हाच न्याय लागू आहे. दुसऱ्या कंपनीच्या वा न्यासाच्या आडून निदान १० टक्के हिस्सा बाळगणाऱ्याने ‘बेन-१’ नमुन्यात कंपनीला तसे कळवायचे आणि कंपनीने ३० दिवसांत ‘बेन-२’ भरून निबंधकांना, असा नियम आहे.

कुणी म्हणेल, आपल्याच माणसांत कागद कशाला? भाऊ हयात आहेत तोवर शब्द पुरतो. पुढे त्यांच्या मुलांना शब्द ऐकू येत नाही, कागद तेवढा वाचता येतो. खरे नाव लिहिणे हा अविश्वास नव्हे; ती विश्वासाची राखण आहे.