रात्रपाळीचं पान

वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत उपसंपादक होतो, त्या काळात माझं पोट आणि डोकं दोघांनी सावरलं. एक डॉक्टर आणि एक मेसवाल्या काकू.

छातीत जळजळ, पोट फुगलेलं, कपाळाची एक बाजू ठणकणारी, आडवं झालं की धडधड. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, ईसीजी, सगळं नॉर्मल. जिथे जावं तिथे ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून बोळवण व्हायची. हे डॉक्टर मात्र म्हणाले, “दुखतंय ते खरंच दुखतंय. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ते खोटं ठरत नाही.” मग विचारलं, जेवता किती वाजता? मला सांगता येईना. अंक छपाईला सोडला की वडापाव आणि चहा, दुपारी उठलं की पुन्हा चहा, मधे बिस्किटं.

त्यांनीच मला अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिनची गोष्ट सांगितली. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरनं त्या भोकातून पचन पाहिलं आणि १८३३च्या पुस्तकात नोंदवलं, की माणूस संतापला की जठराचं काम बिघडतं. चरकसंहिता तर आधीपासूनच सांगते, की चिंता, शोक, भय, जागरण असेल तर मापात खाल्लेलं पथ्याचं अन्नही पचत नाही.

काकूंनी यातलं काहीच वाचलं नव्हतं. नारायण पेठेतल्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत त्यांची मेस. त्यांनी एवढंच ठरवून टाकलं, “कामावर जायच्या आधी साडेसातला तुझं पान वाढते. आलास तर गरम, नाही आलास तर खाडा.” ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, एखादी पालेभाजी, जवसाची चटणी, ताक. पानावर पेपर वाचायला बंदी. पंक्तीला स्पर्धा परीक्षेची मुलं, एक बँकेतले कारकून आणि क्रिकेटवरून कुणाशीही भांडणारे एक निवृत्त पोस्टमन.

रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या मेस बंद. माझं पोट नेमकं सोमवारी बिघडतं, हे मला नाही, काकूंना कळलं. तेव्हापासून रविवारी दुपारी निघताना हातात दशम्यांची पुरचुंडी मिळायची. तिचे पैसे कधी कार्डावर चढले नाहीत.

जळजळ हळूहळू गेली, झोप लागू लागली. अर्धशिशी पुरती गेली नाही. रात्रपाळीही होतीच की. सगळं श्रेय भाकरीला द्यायला मी तयार नाही. इराणमध्ये इस्फहानच्या आरोग्य विद्यापीठातल्या हजारो कर्मचाऱ्यांचं खाणं आणि त्यांच्या पोटाच्या-मनाच्या तक्रारी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या गेल्या आहेत. पण अशा एकवेळच्या पाहणीतून आधी खाणं बिघडलं की आधी मन, ते उलगडत नाही. माझंही उलगडलेलं नाही.

त्यामानानं ऑस्ट्रेलियातला २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला जास्त पटतो. नैराश्य असलेली ६७ प्रौढ माणसं, १२ आठवडे. निम्म्यांना आहारतज्ज्ञाचं मार्गदर्शन: भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, ऑलिव्ह तेल. उरलेल्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत. आहाराच्या गटात सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, गप्पांच्या गटात ८ टक्के. गट लहान होता आणि आपल्याला काय मिळतंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं, तेव्हा आकडे जपूनच घ्यावेत. मला गंमत वेगळीच वाटली. तिकडे वेगवेगळे केलेले हे दोन्ही गट काकूंच्या एकाच पंगतीत बसत होते.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्या गप्पांवाल्यांना जेवायला कोण घालत होतं?”