तिळा तिळा झाकण उघड!

आमच्या घरी सकाळी अलार्म लावावा लागत नसे. साडेपाचला कमोडचं झाकण मागच्या टाकीवर आपटायचं. धाड! म्हणजे बाबा आत गेले. थोड्या वेळाने तेच झाकण खाली आदळायचं. धाड! म्हणजे बाबा बाहेर आले, चहा टाकायला हरकत नाही. डोंबिवलीच्या वन बीएचकेत प्रायव्हसी हा तसाही थिअरीचा विषय.

रात्री दोनपर्यंत लेख लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हे झाकण म्हणजे शत्रू नंबर एक. "बाबा, हळू टाका ना!" "हो हो." दुसऱ्या दिवशी पुन्हा धाड.

मग गेल्या पावसाळ्यात कमोडशेजारचा नळ गळायला लागला. प्लंबरने बघितलं, नळ हलवला आणि मला म्हणाला, "मॅडम, नळाचा काय दोष नाय. याला धरून कोणतरी उठतंय. इथं दांडी लावून घ्या."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. बाबांचे गुडघे गेलेत हे मला माहीत होतं. जिने चढताना ते 'फोन आलाय' म्हणून मधेच थांबतात, तेही माहीत होतं. पण झाकण ते निष्काळजीपणाने आपटत नाहीत, त्यांना तेवढं वाकताच येत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी मी दांडीचा विषय काढला. "दांडी? मी काय पेशंट आहे?" विषय संपला.

बाबांचंही बरोबर आहे. गिरगावच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला अख्ख्या मजल्याचे संडास, हातात टमरेल घेऊन रांग, यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. डोंबिवलीला 'सेल्फ कंटेन्ड ब्लॉक' घेतला तेव्हा ते पाहुण्यांना हॉलच्या आधी संडास दाखवायचे, असं आई अजून सांगते. त्या जागेत कुणाचा आधार घ्यायचा, भले तो स्टीलच्या दांडीचा का असेना, त्यांना जमणारं नव्हतं.

म्हणून मी चक्क खोटं बोलायचं ठरवलं. आधार नको ना? मग गॅजेट आणू! जवळ गेलं की आपोआप उघडणारं आणि दूर गेलं की हळूच मिटणारं झाकण. जपानमध्ये टोटो कंपनीने १९८० साली 'वॉशलेट' आणलं, तेव्हापासून तिकडच्या टॉयलेट सीट्स हुशार होत गेल्या आणि आता अशा सीट्स आपल्याकडेही मिळतात. किंमत म्हणाल तर माझं दोन महिन्यांचं मानधन. आईला मी अर्धीच सांगितली.

बाबांना पटवायला कारण हवं होतं. तेही सापडलं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हिरवा लेझर टाकून दाखवलं, की झाकण नसलेला कमोड फ्लश केला की बारीक तुषार आठ सेकंदांत दीड मीटर वर उडतात. मी तो व्हिडिओ बाबांना दाखवला. टूथब्रशच्या स्टँडकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "आण."

आता तुम्हीही घ्यायच्या विचारात असाल तर फुकटचा सल्ला. आधी टेप घेऊन बसा. सीटच्या दोन बोल्टांमधलं अंतर, बोल्टांपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी आणि भांडं गोल आहे की लांबट, हे मोजल्याशिवाय ऑर्डर दिलीत तर परत पाठवायची तयारी ठेवा. दुसरं म्हणजे पॉइंट. आमच्याकडे टॉयलेट-बाथ एकत्र, आणि आंघोळ बादली-मग्ग्याने. म्हणजे पाणी सगळीकडे. इलेक्ट्रिशियनने पॉइंट पाण्यापासून लांब घेतला, त्याला झाकणवाला बोर्ड लावला आणि करंट गळला की सप्लाय तोडणारं तीस मिलीअँपियरचं ईएलसीबी बसवलं. इथे पैसे वाचवू नका.

पहिल्या आठवड्यात नुसती धमाल. सेन्सरला शरीराची ऊब कळते, माणसाचा हेतू कळत नाही. आई कपडे भिजवायला गेली, झाकण उघडलं. मी ब्रश करायला गेले, झाकण उघडलं. आमची बाथरूम एवढी चिमुकली, की कुठेही उभं राहा, तुम्ही सेन्सरच्या समोरच! शेवटी रेंज कमी करायचं सेटिंग सापडलं. बाबा मात्र खूश. "मी गेलो की नमस्कार करतं," असं त्यांनी सोसायटीच्या कट्ट्यावरही सांगितलं.

आणि सकाळची धाड बंद झाली. त्या शांततेची मला इतकी सवय नव्हती, की पहिले दोन दिवस साडेपाचला दचकून उठले आणि बाबा ठीक आहेत ना, म्हणून कान देऊन पडून राहिले. मग एका सकाळी ऐकू आलं ते वेगळंच. नळाचं 'कुईं'. झाकण उघडत होतं, मिटत होतं, पण उठायला बाबा अजूनही नळच धरत होते. सीट जाड असल्यामुळे बसायची उंची थोडी वाढली होती, एवढाच काय तो खरा फायदा. बाकी मी बाबांच्या गुडघ्यांसाठी नाही, तो अवघड विषय टाळण्यासाठी पैसे मोजले होते.

त्यात माझी थापही फार टिकली नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की विषाणू आसपास पसरण्याच्या बाबतीत झाकण बंद असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नाही. उपयोग होतो तो जंतुनाशक घालून ब्रशने घासण्याचा. म्हणजे आई इतकी वर्षं करतेय तेच. मी हेही बाबांना वाचून दाखवलं. म्हटलं, आता खरं बोलून टाकू. "बाबा, झाकण मी जंतूंसाठी नव्हतं आणलं."

"माहितीये," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "नळ बदलला तेव्हाच प्लंबरने मलाही सांगितलं होतं."

मी गप्प. पेपराचं पान उलटलं.

"रविवारी बोलाव त्याला. भिंतीत ड्रिल करून पक्की लाव म्हणावं, नुसती चिकटवायची नको." आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "पण साधी दांडी हां. सेन्सरवाली नको. मी उठेन तेव्हा ती जागेवर पाहिजे!"