पान उलट की

परवा भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर टोमॅटोच्या पानाचा फोटो धाडला. खाली प्रश्न, "मावशी, कोणतं औषध मारू?" पानावर तपकिरी ठिपके, भोवती पिवळेपणा, आणि फोटो नेहमीप्रमाणे वरून. सगळे वरूनच काढतात. रोग कोणता हे कळायच्या आधी औषध विचारणारी माणसं माझ्या डोक्यात जातात, आणि त्यात भाचीही आली.

याला कारण आत्या. नारायणगावच्या पलीकडे तिचा टोमॅटोचा प्लॉट असायचा. सुट्टीत मी तिच्यामागून सरीतून चालायची. ती हाताच्या पाठीने बुडाकडची पानं उलटत पुढे सरकायची. संध्याकाळी हात धुतले की साबणाचं पाणी हिरवट पिवळं व्हायचं आणि तरी तो उग्र वास बोटांवरून जायचा नाही. मी झाडाकडे नुसती उभी राहून बघितलं की म्हणायची, "पान उलट की. वरून सगळी सारखीच दिसत्यात."

सारखी नसतात ती. जुन्या, खालच्या पानांवर सुरुवात आणि ठिपक्यात ओंडक्यावर असतात तशी एकात एक वलयं, तर तो लवकर येणारा करपा. आत्या ती पानं खुडायची आणि पुढे जायची. पण काळपट, भिजल्यासारखे डाग असले आणि ढगाळ सकाळी पानाच्या पाठीवर पांढुरकी बुरशी दिसली, की ती थांबायची, आभाळाकडे बघायची आणि शिवी हासडायची. उशिरा येणारा करपा. हवा अशीच राहिली तर आठवड्याभरात उभा प्लॉट जळून जातो. पानं आखडून बारीक झाली, हात लावताच खालून पांढरी माशी उडाली, तर तो विषाणू. झाड उपटायचं, दुसरा इलाज नाही. आणि फळाचं बूड काळं पडलं तर तो रोगच नव्हे. पाण्याचा ताण पडला, मग एकदम भरमसाट पाणी दिलं, की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. त्यावर बुरशीनाशक मारणाऱ्यांना आत्या "पैसेवाले" म्हणायची.

पण मला राहून राहून आठवतो तो चहाचा काचेचा ग्लास. हिरवीगार झाडं दुपारी अचानक माना टाकायला लागली होती. आत्याने एकाचं खोड बुडाशी कापलं, त्याचा तुकडा पाणी भरलेल्या ग्लासात टोक बुडेल असा धरला आणि मला म्हणाली, हलू नको. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधट धागा निघाला आणि सावकाश तळाकडे उतरत गेला. जिवाणूची मर. बुरशीची असती तर धागा निघाला नसता. ही युक्ती तिला एका कृषी सहायकाने शिकवली होती. त्या ग्लासातून मामांनी पुन्हा कधी चहा घेतला नाही.

आता इथे आयर्लंडचं काय काम, पण मला तो पाद्री आठवतोच. 1845 साली तिथला बटाटा शेतातच सडला, पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली. विद्वान म्हणत होते, हवा दमट, म्हणून झाड सडलं आणि सडलं म्हणून बुरशी आली. माइल्स बर्कली नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने सूक्ष्मदर्शकाखाली पानं घातली आणि 1846 मध्ये लिहिलं की उलटं आहे, बुरशीच कारण आहे. फारसं कुणी मानलं नाही. 1861 मध्ये जर्मनीच्या आंतोन द बारी यांनी ते सिद्ध केलं. ती बुरशी म्हणजेच आत्याचा उशिरा येणारा करपा. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले. दमट हवावाले अर्धे बरोबर होते, हेही खरं. आत्या आभाळाकडे उगाच बघत नव्हती.

2020 च्या मे महिन्यात मात्र बघून उपयोग झाला नाही. पुणे, नगर, नाशिककडच्या टोमॅटोवर पिवळे, हिरवे, लाल पट्टे आले, लोकांनी नाव दिलं तिरंगा. नमुने बेंगळुरूच्या संशोधन संस्थेत गेले आणि मुख्यतः काकडीवरच्या मोझॅकचा विषाणू निघाला. झाडाचा विषाणू माणसाला लागत नाही. पण तेव्हा टाळेबंदी होती, विषाणू हा शब्दच पुरेसा होता. हा टोमॅटो खाल्ला तर माणूस आजारी पडतो अशी आवई उठली आणि आधीच पडलेला भाव आणखी पडला. आतेभावाने क्रेटच्या क्रेट बांधावर ओतले. आत्याने त्यातलेच निवडून सार केलं आणि फोनवर मला मुद्दाम सांगितलं, "आंबट नाही, नुसतं पचपचीत."

आता ती गुडघ्यांमुळे पुण्यात लेकाकडे असते. मागे थकवा फार वाटतो म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट संगणकावर बघितले, सगळं नॉर्मल आहे म्हणाले. आत्या बसली होती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "बाळा, जीभ तरी बघ." आणि काढलीच बाहेर. डॉक्टर हसले, वाकून बघितलं, ठीक आहे म्हणाले. तिने जीभ टाळूला लावली आणि तोंड तसंच उघडं ठेवून बोट आत दाखवलं, खालून बघ म्हणून.

तिथेही काही सापडलं नाही. परतताना रिक्षात तिने फी किती घेतली ते मला दोनदा विचारलं.