सगळ्यांना आवडलेले इअरफोन आणि माझे कान

यंदा भिशीचा नंबर मला लागला. आम्ही २० जणी, दर महिन्याला २,००० रुपये, म्हणजे ४०,००० रुपये एकदम हातात! घरात लगेच बेत सुरू झाले. ह्यांच्या मते वॉशिंग मशीन बदलायला झालं होतं. सासूबाईंच्या मनात नवा देव्हारा होता. मी म्हटलं, "मी चांगले इअरफोन घेणार आहे."

"कुणासाठी?" चिन्मयने विचारलं.

"माझ्यासाठी."

सगळे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचंही चुकलं नाही म्हणा. आजवर आमच्या घरात माझं गाणं म्हणजे स्वयंपाकघरातला रेडिओ, तोही मिक्सरच्या घरघरीत आणि कुकरच्या शिट्ट्यांत. लग्नाआधी नागपुरात आठ वर्षं गाणं शिकले होते. मग ह्यांच्या नोकरीमुळे बंगळूर, माझी शाळेतली नोकरी, संसार. तंबोरा माहेरीच राहिला. आता वयाच्या ५३व्या वर्षी दिवसातला माझा असा वेळ एकच उरलाय. सकाळी विजयनगर ते इंदिरानगर मेट्रोने जाताना आणि दुपारी येताना. त्या वेळात मला गाणं नीट ऐकायचं होतं.

चिन्मयला मात्र हा विषय फार आवडला. कानाच्या आत बसणारे, वायरचे, महागडे इअरफोन हे त्याचं आणि त्याच्या मित्रांचं वेड. त्याने सरळ एकच नाव सांगितलं. "डोळे मिटून घे आई. सगळे हेच घेतात." यूट्यूबवर पाहिलं तर खरंच सगळे त्याचीच स्तुती करत होते. किंमत ऐकून मात्र पोटात गोळा आला. भिशीतले दोन-अडीच हजारच काय ते उरणार होते. (त्या सेटचं नाव मुद्दाम सांगत नाही. दोष त्याचा नव्हता, हे पुढे कळेलच.)

त्या व्हिडिओंमधली भाषा मला कळेना. कुणी म्हणे आवाज 'वॉर्म' आहे, कुणी म्हणे 'ब्राइट', कुणी 'व्ही शेप'. शेवटी मी माझ्या पद्धतीने लावून घेतलं. खर्जाचा आवाज, म्हणजे तबल्याचा डग्गा, ढोलक, हे वरण. मधला आवाज, म्हणजे गाणाऱ्याचा गळा, हा भात. आणि वरचा आवाज, म्हणजे झांजा, तंबोऱ्याची जवारी, शब्दांतले स, श, त, ही लिंबाची फोड. 'व्ही शेप' म्हणजे वरण आणि लिंबू भरपूर, भात कमी. मी गाणाऱ्याच्या गळ्यासाठी ऐकणारी बाई. मला भात हवा होता.

शनिवारी आम्ही अशा दुकानात गेलो, जिथे घेण्याआधी ऐकून बघता येतं. तिथल्या मुलाने तो प्रसिद्ध सेट काढून दिला. मी कानात घातला, गाणं लावलं आणि तोंड वाकडं केलं. डग्गा नाहीच! नुसता पत्र्याच्या डब्यासारखा आवाज. मुलगा हसला. "मॅडम, टिप नीट बसली नाही." कानाच्या भोकात रबरी टोपी घट्ट बसली नाही, तर खर्ज फटीतून निसटून जातो. त्याने डावीकडची टोपी एक माप लहान लावली, वायर कानामागून घेतली आणि एकदम सगळं भरून आलं. दोन्ही कान सारख्या मापाचे असतातच असं नाही, हे मला तिथे कळलं. टोपी न बदलताच निघाले असते तर एका चांगल्या वस्तूला उगाच नावं ठेवली असती.

चिन्मयने नमुन्याची गाणी लावली. सगळी नवी, झगमगीत. ती त्या दुकानातल्या कुठल्याही सेटवर छानच वाजत होती. त्यावरून काही ठरेना. मग मी माझी गाणी लावली. किशोरीताई आमोणकरांचा भूप, लताबाईंची जुनी भावगीतं आणि बालगंधर्वांची पदं. ७८ आरपीएमच्या त्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. ही जुनी ध्वनिमुद्रणं मोनो असतात. दोन्ही कानांत एकच आवाज, त्यामुळे गाणारा बरोबर डोक्याच्या मध्ये बसलेला वाटतो. ज्या सेटची 'आवाज चहूबाजूंनी पसरतो' म्हणून ख्याती होती, त्याचा तो गुण माझ्या निम्म्या गाण्यांना लागूच नव्हता.

आणि खरं सांगू? मला तो सेट आवडला नाही. आवाज मोठा, गोल, श्रीमंत. पण शब्द पदराआडून आल्यासारखे. मी आवाज वाढवत गेले.

मग त्या मुलाने शेजारचा, बराच स्वस्त सेट दिला. लावला आणि जीव सुखावला. जवारी झणझणली, शब्द लख्ख झाले. "हा! हाच!" मी म्हटलं.

चिन्मयने तो स्वतःच्या कानात घातला आणि दुसऱ्या क्षणी ओढून काढला. "आई! कानाला टोचतंय गं! आणि एवढ्या मोठ्याने?" त्याने फोन पाहिला. आवाजाच्या १५ पायऱ्यांपैकी मी १२व्या पायरीवर होते. तो स्वतः सातच्या पुढे जात नाही म्हणे.

त्याने दोन्ही सेट एकाच पातळीला आणून दिले. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन सेटपैकी जो जरा मोठ्याने वाजतो, तोच आपल्याला चांगला वाटतो, आणि फोनवर एकच पायरी असली तरी प्रत्येक सेटचा आवाज वेगळा निघतो. म्हणून तुलना करताना आधी आवाज सारखा करून घ्यायचा. सारखा केल्यावरही माझं मत बदललं नाही, आणि त्याचंही नाही. मला जे स्वच्छ वाटत होतं, ते त्याला बोचत होतं.

काहीच न घेता आम्ही घरी आलो. वाटेत तो जरा चाचरत म्हणाला, "आई, एकदा कान तपासून घेशील?"

मला राग आला. "मी काय बहिरी झालेय? मला गाण्यातलं कळतं रे, तुझ्याहून जास्त." तो गप्प बसला.

पण सोमवारी वर्गात एक गोष्ट घडली. मी सहावीला गणित शिकवते. तोंडी उत्तरं विचारत होते. शेवटच्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिलं आणि मी म्हटलं, "आठ? लक्ष कुठे आहे तुझं?" तो उभाच राहिला, कानकोंडा होऊन. पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मिस, उसने साठ बोला." उत्तर साठच होतं.

आठ आणि साठ. मध्ये फक्त एक स.

मग एकेक आठवायला लागलं. हल्ली मुलं पुटपुटतात, असं मी स्टाफरूममध्ये किती वेळा म्हटलं होतं! सासूबाईंना टीव्हीचा आवाज मोठा वाटतो, तर मला वाटायचं त्यांचं नेहमीचंच. फोनवर बोलताना मी "काय?" किती वेळा म्हणते, हे ह्यांनी एकदा मोजून दाखवलं होतं आणि मी चिडले होते.

त्याच आठवड्यात ऑडिओलॉजिस्टकडे गेले. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि टूं असा बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. शेवटी त्या बाईंनी कागदावरचा आलेख समोर ठेवला. डावीकडे २५० हर्ट्झ, म्हणजे खालचे स्वर. उजवीकडे ८,००० हर्ट्झ, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज. माझी रेघ बराच वेळ सपाट चालली होती आणि मग घाट उतरावा तशी उजवीकडे खाली आली होती. दोन्ही कानांत सारखीच.

"वयानुसार होतं हे," त्या म्हणाल्या. "सुरुवात आहे. आज मशीनची गरज नाही. पण दरवर्षी तपासायचं आणि मोठ्या आवाजात ऐकायचं नाही." प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेबही त्यांनी सांगितला: ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास. आवाज त्यापेक्षा चढला की तास भराभर कमी करायचे.

मी दुकानातली गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. स, श, त यांचा जोर वरच्या पट्टीत असतो. तिथेच माझा कान उतरला होता. त्यामुळे जो सेट लिंबू जास्त पिळतो, तो मला बेताचा लागणार आणि चिन्मयला आंबट. यात त्याचंही चूक नाही, माझंही नाही.

त्या रात्री मला थोडं रडू आलं, हे कबूल करते. आठ वर्षं स्वर ओळखायला शिकलेले हे कान. माझी आवड माझी आहे असं मी समजत होते, आणि त्यातली थोडी माझ्या वयाची निघाली.

दुसऱ्या दिवशी चिन्मयने दोन गोष्टी सांगितल्या. हर्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेडफोनच्या आवडीनिवडीचा अभ्यास केला. त्यात ६४ टक्के लोकांना साधारण एकाच घडणीचा आवाज आवडला, १५ टक्क्यांना खर्ज त्याहून जास्त हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. या कमी खर्जवाल्यांत बायकांचं आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे 'सगळ्यांना आवडतो' यातल्या सगळ्यांत मी नव्हतेच, आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी होत्या!

दुसरी गोष्ट ऐकून जरा हसू आलं. अनेक महागड्या इअरफोनमध्ये आवाज काढणारा जो इवलासा भाग असतो, 'बॅलन्स्ड आर्मेचर' म्हणतात त्याला, तो आधी श्रवणयंत्रांत वापरला जायचा. कानात खोल बसणाऱ्या नामांकित इअरफोनपैकी एक, एटिमोटिकचा ईआर-४, १९९१ साली आला, आणि ती कंपनी काढणारे मीड किलियन हे श्रवणशास्त्रातलेच. ज्या यंत्राला मी घाबरत होते, त्याच्याच घराण्यातली वस्तू मी हौसेने घ्यायला निघाले होते.

पुढच्या शनिवारी पुन्हा दुकानात गेले. या वेळी चिन्मयला बाहेर कॉफी प्यायला पाठवलं. टोपी नीट बसवली. आवाज सारखे केले. माझीच पाच गाणी. आणि प्रत्येक सेट निदान अर्धा तास कानात ठेवला, कारण दोन मिनिटांत सगळेच गोड वाटतात. प्रसिद्ध सेटची धातूची डबी २० मिनिटांनी माझ्या लहान कानाला दुखायला लागली. मग दुकानाच्या दाराशी, रहदारीच्या आवाजात उभी राहून ऐकलं. बाहेरची घरघर खर्ज गिळून टाकते, त्यामुळे प्रसिद्ध सेटचा खर्ज तिथे बरोबर वाटला. तो का लोकप्रिय आहे, ते मला तेव्हा कळलं. तरीही शब्द मला त्या स्वस्त, हलक्या सेटमध्येच मिळाले. १३,००० रुपयांना तो घेतला. फोनला वायरचं भोक नसल्याने एक छोटा डोंगलही घेतला.

आता मेट्रोत मॅजेस्टिकच्या आसपास गाडी भुयारात शिरली की चाकांचा आवाज वाढतो, पण टोपी नीट बसलेली असल्याने तो दूरच राहतो. म्हणून मला आवाज वाढवावा लागत नाही. बारावरून आठव्या पायरीवर आले आहे. रस्ता ओलांडताना मात्र इअरफोन पर्समध्ये.

चिन्मयने परवा माझा सेट पुन्हा एकदा लावून बघितला. दहा सेकंदांत परत दिला. "तुझा तुलाच लखलाभ!"

भिशीचे उरलेले पैसे अजून बँकेतच आहेत. त्यातले थोडे दरवर्षीच्या तपासणीसाठी बाजूला काढलेत. कधीतरी त्या दुसऱ्या यंत्राची वेळ आली, तर तेही ऐकून, बसवून, पारखून घेईन. आता तेवढी भीती वाटत नाही.

आणि हो, त्या सोमवारनंतर आणखी एक काम केलं. सहावीच्या वर्गात सांगितलं, "मला बारीक आवाज जरा कमी ऐकू येतात. उत्तर देताना उभं राहून, माझ्याकडे बघून, स्पष्ट बोला." मग शेवटच्या बाकापाशी गेले आणि त्या मुलाला म्हटलं, "त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती."

तो काहीतरी बोलला. मला नीट ऐकू आलं नाही. पण या वेळी मी विचारलं, "पुन्हा सांगतोस?"

"इट्स ओके, मिस," तो म्हणाला. त्यातला स मला स्वच्छ ऐकू आला.