चाळिशीतली शिकाऊ

अभनपूर, जि. रायपूर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. ‘एवढी वर्षं दोन मुलं आणि घर सांभाळलंस, त्यापुढे हे पेटंटचं काम ते काय!’ असं तू लिहिलंस. मला धीर यावा म्हणून लिहिलंस, हे कळतं. इथेही सगळे हेच म्हणतात. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मुलांची दुखणी, डबे, सासूबाईंची पथ्यं, सगळं मी मनापासून केलं. नोकरी सोडली तीही कुणाच्या दबावाखाली नाही. पण त्या सगळ्यातून पेटंटचा कायदा येत नाही गं. तो पहिल्या पानापासूनच शिकावा लागतो. आईपणाचं कौतुक करून मला कुणी वरच्या वर्गात ढकलू नये. पहिलीत बसवावं आणि शिकू द्यावं.

काम कसं असतं ते सांगते. शोध नेमका कुठून कुठपर्यंत आपला, हे क्लेममध्ये लिहायचं, आणि प्रत्येक क्लेम एकाच वाक्यात बसवायचा. परवा सरावासाठी धान वाळवायच्या यंत्राचा क्लेम लिहीत होते. मी ‘लोखंडी जाळी’ लिहिलं. रायपूरला ज्यांच्याकडे शिकते त्या मॅडमनी विचारलं, उद्या कुणी पितळेची बसवली तर? मग मी ‘छिद्रं असलेला पृष्ठभाग’ असं केलं. त्यावर म्हणाल्या, मग घरातली चाळणीसुद्धा यात आली की! आधीपासून असलेल्या गोष्टीवर हक्क सांगता येत नाही. शब्द आवळला तर अशिलाचा हक्क निसटतो, सैल सोडला तर अर्जावर आक्षेप येतो. अख्खी दुपार त्या जाळीत गेली, पण ताई, एम.एस्सी.नंतर इतकं डोकं लावून मी काही केलेलं आठवत नाही.

आधीपासून असलेल्या गोष्टीवरच्या हक्काचं म्हणशील, तर हळदीचं प्रकरण तुला आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं. माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि 1997 साली ते रद्द झालं. पुरावा कशाचा होता? जुन्या संस्कृत ग्रंथांचा आणि 1953 सालच्या एका वैद्यकीय लेखाचा. आणि आमच्या शेजारच्या धमतरी जिल्ह्यातला नगरीचा दुबराज तांदूळ! त्याला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही बायकांच्या बचत गटामुळे. आपल्या कायद्यात भाताच्या वाणाला पेटंट मिळत नाही, त्याचे रस्ते वेगळे आहेत. या धानाच्या मुलखात ते रस्ते माहीत असलेलं माणूस हवं, म्हणून मी हे काम निवडलं.

पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची किंवा इंजिनीयरिंगची पदवी लागते, वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात. वरची वयोमर्यादा नाही. हे वाचलं त्या दिवशी मला काय वाटलं, सांगू? नोकरीच्या जाहिरातींत मी पात्रतेआधी वयाचा रकाना बघायला शिकले होते. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा. प्रत्येक लेखी पेपरात निदान पन्नास टक्के आणि एकूण साठ. खंड पडलेल्या विज्ञान शाखेच्या बायकांसाठी सरकारची वर्षभराच्या प्रशिक्षणाची योजना होती, विद्यावेतनासकट. कित्येकजणी तिच्यातून पेटंट एजंट झाल्या. फार चांगली योजना, पण वर्षभर मोठ्या शहरात राहावं लागे आणि वय पंचेचाळीसच्या आत हवं असे. बाळंतपणं आणि मुलांच्या शाळा ज्या वयात असतात, तेच वय!

अशा वेळी मला हिंगण्याच्या विधवाश्रमातल्या पार्वतीबाई आठवले आठवतात. विशीत विधवा झाल्या, पदरात मुलगा, आणि अक्षरओळख नंतर झाली. पुढे त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण 1918 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या. नाव झाल्यावरही पुन्हा बाराखडीला बसायचं, याचं मला फार मोल वाटतं.

वेळेचं म्हणशील, तर रेल्वेची छोटी लाइन जाऊन मोठी झाली आणि 30 मार्च 2025 पासून अभनपूर-रायपूर मेमू सुरू झाली, तिचा मला मोठा आधार आहे. मंदिर हसौदवरून वळसा पडतो, पण तेवढा वेळ सलग वाचता येतं. घरी पुस्तक उघडलं की हाक येतेच. ‘हे’ म्हणतात, पैशाचं बघू नकोस, आनंदासाठी कर. प्रेमानं म्हणतात, पण मी त्यांना स्पष्ट सांगितलं: आनंद हवाच, फीसुद्धा हवी. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम पाहुणे आले की आधी बाजूला सारलं जातं.

आता तुझ्याकडे मागणं. बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था तुमच्या नागपुरातच आहे, तिथे पुढचे वर्ग कधी आहेत ते चौकशी करून कळव. आणि परीक्षेआधी आठवडाभर इकडे ये. स्वयंपाक करायला नाही, त्याची सोय मी केली आहे. माझी तोंडी परीक्षा घ्यायला ये. चुकले तर लहानपणी पाढे घ्यायचीस तशी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लाव. लाड करू नकोस.

तुझी,
धाकटी