नरक्यास अनावृत पत्र

प्रिय नरक्या,

तू सह्याद्रीतले झाड, सुरतेजवळच्या आमच्या चलथाणला उगवत नाहीस. इथे ऊस, साखर कारखाना आणि कोयता घेऊन डांग-खानदेशातून तोडीला येणारी माणसे. तरीही पत्र इथूनच लिहितो, कारण आमच्या स्टेशनावरची गाडी बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबारला जाते, आणि रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी १९२५ साली त्या नंदुरबारातच जन्मले. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले. सहकारी मन्रो वॉल यांच्यासह १९६६ साली त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाविरुद्धचे द्रव्य वेगळे केले. पुढे टॅक्सॉलही याच जोडीने शोधले. खानदेशात हे नाव घरोघरी माहीत असायला हवे होते.

तेच कॅम्प्टोथेसिन गोविंदाचारी आणि विश्वनाथन या संशोधकांना १९७२ साली सह्याद्रीतल्या तुझ्यात सापडले, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. ज्या झाडाच्या फुलांचा वास सुटला की माणसे नाक दाबून पुढे जात, त्या झाडाला एकदम भाव आला.

पेशी दुभंगायच्या आधी डीएनएचा पीळ सैल व्हावा लागतो. ते काम करणाऱ्या विकराला तुझे द्रव्य जागीच अडकवते, डीएनए तुटतो आणि पेशी मरते. पण मूळ रूपात ते रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा लघवीतून रक्त जाऊ लागले, रक्तपेशी घटल्या. चाचण्या थांबल्या. मग रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे घडवली गेली. दोन्हींना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. पहिले अंडाशयाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर. आजही ती मोजून, रक्त तपासत दिली जातात. म्हणून तुझ्या सालीचा काढा कर्करोगावर देणाऱ्याला मी वैद्य मानत नाही. तो रोग्याच्या जिवाशी खेळतो.

याहून मोठा राग तुझ्या तोडीचा येतो. आंबोली, चंदगड, राधानगरीच्या जंगलात बुंध्याशी कुऱ्हाड पडते, मुळेसुद्धा खणून काढतात, ढलप्या वाळवून पोत्यात भरतात आणि रातोरात टेम्पो घाट उतरतो. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी, मलिदा व्यापाऱ्याला. मूळच उपटल्यावर तू पुन्हा फुटणार कुठून?

दुसरे मार्ग आहेत. २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी तुझ्या अंगात राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन दाखवले. त्यातून कारखानदारी उभी राहीपर्यंत लागवड तरी आपल्या हातात आहे. वनखात्याने तुझी रोपे करून बांधावर लावायला द्यावीत, औषध कंपन्यांनी फक्त लागवडीचाच माल घ्यावा, आणि घाटातल्या गावकऱ्यांनो, ढलप्यांची पोती दिसली तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा.

तुझा,
चलथाणचा एक खानदेशी