बोटभर निशाण

आमच्या ह्यांना शिशाच्या चिमुकल्या सैनिकांचा भारी नाद! हॅम्बुर्गला राहायला आल्यापासून तर अठराव्या शतकातल्या जर्मन शहरांच्या नागरिक पथकांचं वेडच लागलंय. सैनिक रंगवायचे, टेबलावर मांडायचे आणि फासे टाकून लढाया खेळायच्या. यंदा मात्र ह्यांचे हात कापू लागले आणि निशाणं रंगवण्याचं काम माझ्याकडे आलं.

तेव्हा कळलं, हे काही राजाचे शिपाई नव्हेत. पाववाले, शिंपी, पिंपं करणारे असे संसारी लोक पाळीपाळीने तटावर नि वेशीवर पहारा करीत. हॅम्बुर्गात पाच मोठ्या चर्चच्या वस्त्या, म्हणून पथकंही पाच. बरेचजण घरच्याच कोटात, खांद्यावर बंदूक टाकून उभे! एकसारखा गणवेश आला तो १८१४ साली उभारलेल्या नव्या नागरिक सेनेत.

शहरांची चिन्हं मला तोंडपाठ झाली आहेत. हॅम्बुर्गचा किल्ला, ब्रेमेनची किल्ली, फ्रांकफुर्टचा गरुड. सगळी लालावर पांढरी.

मैत्रिणींनो, निशाण करणं सोपं आहे. पातळ कागदाची पट्टी काठीभोवती दुमडून चिकटवावी. डिंक ओला असतानाच पेन्सिलीवर वळवून लहरी द्याव्यात. वाळल्यावर कडेला दिसणारा पांढरा कागद रंगाने झाकावा.

पूर्वी जेवणं झाली की हे त्यांच्या टेबलाशी आणि मी माझ्या विणकामाशी. आता हे सांगतात, मी रंगवते. दिवा एकच पुरतो.